हात मायचे, आवाज लेकाचा

देवीदासानं घोडीचं शेपूट पिरगाळलं आणि तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

आता बैलाचं शेपूट पिरगाळणं आमच्या वऱ्हाडात काही पाप नाही. गाडी चिखलात रुतली, बैल हटून बसला, की गाडीवान वाकतो, शेपटाला एक पीळ देतो आणि बैल मुकाट्यानं निघतो. पण घोडी म्हणजे बैल नव्हे, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? त्या साली हवाच तशी होती. तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढत होते, त्यांचा कापूस बंद पडला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात भाव चढला की इकडे गावोगाव काहीतरी नवं येऊन दाखल व्हायचं. कुणी बायकोला तोडे केले, कुणी घराला नक्षीचा दरवाजा बसवला. देवीदासानं अकोल्याहून बदलून जाणाऱ्या एका साहेबाचा टांगा घेतला, घोडीसकट. घोडीचं नाव ठेवलं सावळी.

चौथ्याच दिवशी सावळी वेशीपाशी अडली. चार माणसं बघत होती. देवीदासाला लाज वाटली आणि त्यानं वाकून शेपटाला पीळ दिला. बस्स! टांगा बाभळीत, देवीदास नाल्यात, उजवा हात कोपरापाशी मोडलेला, आणि सावळी एक तुटकी दांडी ओढत सरळ घरी येऊन आंगणात उभी राहिली.

आंगणात दुर्गाबाई तूर पाखडत बसली होती. दुर्गाबाई म्हणजे देवीदासाची आई, रामरावांच्या मागे राहिलेली, वय शेहेचाळीस. घोडीच्या तोंडाला फेस, अंग थरथरतंय, डोळे पांढरे. बाकीच्या बाया किंचाळत घरात पळाल्या. दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं, उठली, घोडीच्या डाव्या खांद्याशी गेली आणि आयाळीखाली तळहात ठेवला. हात गेला तो आपोआप गेला. घोडीच्या घामाचा वास नाकात शिरला आणि बाईला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

कारण काय, तर ती मोर्शीकडची. तिचा बाप नत्थुजी घोड्यांचा वेडा. शेती सोडून घोड्या पाळायचा, शिंगरं वाढवायचा, एलिचपूरच्या छावणीतले स्वार त्याच्याकडे यायचे. मुलगा नव्हता, म्हणून शिंगरं नदीवर नेण्याचं काम या पोरीकडे. खोगीर नाही, रिकीब नाही, नुसती मांड ठोकून बसायचं आणि गुडघ्यानं सांगायचं. बाराव्या वर्षी लग्न झालं, ती तेल्हाऱ्याकडच्या पाटलाच्या घरची सून झाली, आणि घोडं संपलं. त्यानंतर चौतीस वर्षं तिनं घोड्याचा विषय कुणापाशी काढला नाही. काढून उपयोग काय होता?

संध्याकाळी महादेवरावांनी निकाल दिला.

महादेवराव म्हणजे रामरावांचे थोरले भाऊ, गावचे पाटील, घराचे कर्ते. देवीदास त्यांना मोठेबाबा म्हणायचा. माणूस तापट, पण वाकडा नाही. ओसरीवर बसून त्यांनी देवीदासाला सांगितलं, "घोडी ठेवाची नाही. अकोल्यात डाकेचे टांगे चालवनारा ठेकेदार हाये, तो घोडे घेऊन राहिला. त्याले देऊन टाक."

दुर्गाबाई दाराआड उभी होती. डाकेच्या घोड्यांचं काय होतं ते तिनं बापाकडून ऐकलं होतं. टप्प्याटप्प्यानं पळवतात, पाय जाईपर्यंत पळवतात, आणि पाय गेले की सोडून देतात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाकट्या भावाची बायको म्हणजे भावसून, आणि थोरला दीर म्हणजे तिचा भासरा. भासऱ्यासमोर भावसुनेनं तोंड उघडायचं नाही. पदर डोळ्यांवर, नजर पायांवर, आणि आवाज? आवाज तर त्याच्या कानावर पडूच द्यायचा नाही. त्यानंही तिला हाक मारायची नाही, आंगणात येताना खाकरून यायचं. काही सांगायचंच असलं तर मध्ये तिसरं माणूस. आधी हे काम रामराव करायचे. पुढं देवीदासाला बोलता यायला लागलं आणि तेव्हापासून तो त्या घराचा टपाल्या झाला. दोघं चार हातांवर उभी असत, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जात असे, तरी देवीदासानं मध्ये उभं राहून तेच शब्द परत म्हणायचे. हसू नका, तुमच्या पणजीनंही हेच केलं असेल.

दाराआडून दुर्गाबाई लेकाच्या कानात कुजबुजली.

देवीदास म्हणाला, "माय म्हणते, चूक मी केली. मंग शिक्षा जनावराले काहून?"

"तुया मायले सांग, घोडी हाकनार कोन? तू? हात पाह्य आपला!"

दाराआड पुन्हा कुजबूज झाली. या खेपेला देवीदास एकदम मागं वळून आईकडे बघत राहिला. आई म्हणाली होती, "मी हाकीन." टपाल्यानं पहिल्यांदाच टपाल दाबून ठेवलं. "माय म्हणते, शिकवून घेऊ घोडीले," एवढंच त्यानं सांगितलं.

महादेवरावांनी सुपारी तोंडात टाकली. "मार्गशीर्षात अकोल्याच्या कचेरीत पाटलांचं बोलावनं हाये. रेल्वेसाठी जमिनी मोजून राहिले. रस्ता कापसाच्या गाड्यांनी गच्च भरला, बैलांनी जाचं म्हनलं तर दोन दिवस. त्या दिवशी घोडीनं मले सुखरूप नेलं तर राहू दे तिले. वाटेत नखरे केले तर तथीच ठेकेदाराच्या हाती दोर देऊन, मी कोनाच्याही गाडीत बसून वापस येईन."

म्हणजे दुर्गाबाईच्या हाती सहा आठवडे होते.

शिकवायला माणूस होता, हे नशीब. टांग्याबरोबर साहेबाचा म्हातारा कोचवान चंद्रभान आला होता. दिवाळीनंतर तो लेकीकडे एलिचपूरला जाणार होता, पण बाईची हौस बघून थांबला. सुतारानं टांग्याला नवी दांडी बसवली, आणि गावापासून लांबच्या मळ्यात, जिकडे महादेवरावांचं फिरकणं नव्हतं, तिथं शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी काय फजिती! बाईला वाटलं होतं, आपल्याला घोडं येतं, टांग्याचं काय मोठंसं. टांग्यावर बसली, लगामाची रास हातात घेतली, आणि घोडी चालेना म्हणताच तिनं गुडघे आवळले. फळीवर बसून! मग पुढं झुकली. मग टाचा मारल्या, त्या लाकडावर खाडखाड वाजल्या. चंद्रभान पोट धरून हसला.

"बाईजी, तुमचे गुडघे त्या फळीले कळत असतीन, घोडीले कळत नाहीत. आता तुमच्यापाशी दोनच चिजा. हात अन् आवाज."

हातासाठी त्यानं एक युक्ती सांगितली. घरी आढ्यावरून दोन दोऱ्या सोडायच्या, पलीकडच्या टोकांना पाण्यानं काठोकाठ भरलेले दोन लोटे बांधायचे, आणि दोऱ्यांची अलीकडची टोकं हातात धरून बसायचं. लोटे वर घ्यायचे, खाली सोडायचे, आणि एक थेंब सांडू द्यायचा नाही. घोडीचं तोंड त्या लोट्याएवढंच नाजूक असतं म्हणे. दुर्गाबाई दुपारची कामं आटोपून माजघरात दोऱ्या धरून बसायची. महादेवरावांची बायको लीलाबाई एकदा डोकावली आणि बघतच राहिली.

"काय व दुर्गे, विहीर घरात आनली का?"

"हो ना बाई, तुमाले पानी भराचा तरास नको," दुर्गाबाई म्हणाली, आणि हसताना दोन्ही लोटे सांडले.

हात जमला. आठ दिवसांनी घोडीच्या मागे लाकडाचा ओंडका बांधून, आपण पायी चालत, लांब रासेनं तिला वावराच्या धुऱ्याबांधावरून फिरवलं. मग रिकामा टांगा. पण आवाज काही केल्या निघेना.

चंद्रभाननं घोडीच्या डोळ्यांवरची चामड्याची झापडं दाखवली. "हे पाहा. हिले मागचं दिसत नाही. पाठीवर स्वार असला तं तिले वजन समजते, कोनी हाये म्हनून. टांग्यात पाठ रिकामी. मागून नुसता खडखडाट येते. तुमी बोललात तं तिले समजते, माय मागं हाये. तुमी गप झालात का तिच्यासाठी मागं भूत बसलं! म्हनून बोलत राहाचं. काहीही बोला, पण बोला."

काहीही बोला! चौतीस वर्षं घरात हळू बोलायची सवय. आवाज ओसरीपर्यंत जाता कामा नये, हे अंगात मुरलेलं. पहिल्या दिवशी तोंडातून निघालं ते घोगरं, अर्धं गिळलेलं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. पण मळ्यात कोण ऐकतंय? हळूहळू बाई सुटली. घोडीला काय नाही सांगितलं तिनं! बाप नत्थुजी कसा होता, रामराव रागीट होते पण बाजारातून येताना तिच्यासाठी गुपचूप रेवडी आणायचे, लीलाबाई कशी घोरते, कापूस वेचून बोटं कशी फाटतात. सावळी एक कान मागं वळवून ऐकायची आणि छान दुडकत चालायची. दुर्गाबाई मळ्यातून परत यायची ती तरुण होऊन यायची. गावाला सगळं माहीत होतं. महादेवरावांनाही माहीत होतं, पण तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते माहीत करून घेतलं नव्हतं.

बोलावण्याचा दिवस उजाडला. तांबडं फुटलं होतं. टांगा दारात जुंपलेला. आदल्याच दिवशी चंद्रभानला हिवताप भरला होता आणि तो मळ्यातल्या खोपीत गोधडी घेऊन पडला होता. महादेवराव पागोटं नीट करत बाहेर आले आणि त्यांनी पाहिलं, की रास धरून पदर कमरेला खोचून पुढच्या फळीवर भावसून बसली आहे.

ते थबकले. आल्या पावली मागं फिरले. खांबाकडे तोंड करून म्हणाले, "देवीदास! हे काय होय?"

देवीदासानं मान खाली घातली. "मोठेबाबा, घोडी मले जवळ येऊ देत नाही. हातात जोरही नाही अजून. मायच्या हाती ती चालते. लय गोड चालते."

"भावसून हाकनार अन् मी मागं बसून जानार? लोक थुंकतीन माह्या तोंडावर."

"अन् नाही गेले तं कचेरीत तुमच्या नावाचा पुकारा होईन, अन् तुमी अथीच घरी."

हे मात्र खरं होतं. महादेवरावांनी पागोटं काढलं, पुन्हा बांधलं. मग त्यांनी जो तोडगा काढला, तो फक्त आमच्याच घरांतून निघू शकतो. "ठीक हाये. रास तुया मायच्या हाती राहू दे. पन ती माह्यादेखत आरडाओरडा करत जाईन, हे मी पाहू शकत नाही. तू तिच्या बाजूले बस. हाकाटी तू कर. हात तिचे, आवाज तुया."

 हे चालणार नाही, हे दुर्गाबाईला कळत होतं. पण सांगणार कुणाला आणि कसं? तिनं पदर खाली ओढला. महादेवराव मागच्या बैठकीवर, पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून बसले. देवीदास पुढं बसला आणि ओरडला, "चल, सावळे!"

सावळीनं दोन्ही कान एकदम मागं पाडले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शेपटाला पीळ बसला तेव्हा हाच आवाज होता.

तरी निघाली बिचारी. हात ओळखीचे होते ना. पण चाल मळ्यातली नव्हती. दोन पावलं दुडकायची, मग चालायची, मग बिचकायची. दुर्गाबाई लेकाच्या बरगडीत कोपर मारून खुणा करायची. एक कोपर म्हणजे 'चुचकार', दोन म्हणजे 'हळू'. देवीदास आधीच घाबरलेला, तो चुचकारायच्या जागी डाफरायचा. मागून महादेवराव पुटपुटायचे, "काय चाल होय ही! पाठीचे मनके मोकळे झाले." दुर्गाबाईला सगळं ऐकू येत होतं. एकेका कोसाला तिला वाटायचं, गेली सावळी, गेली हातची. डोळ्यांसमोर डाकेची ती घोडी दिसायची, रस्त्याच्या कडेला पाय मोडून उभी असलेली.

कसंबसं करून पूर्णेच्या काठावर पोचले. आणि तिथं गाड्यांचा बाजार भरलेला! उतारापाशी पन्नास-साठ गाड्या, कापसानं ठासून भरलेल्या, नदी उतरायला एकामागं एक खोळंबलेल्या. गाडीवानांची भांडणं, बैलांच्या घंटा, धुरळा. टांग्याला थांबावं लागलं ते नेमकं अरुंद जागी. पुढं एक गाडी, डावीकडे बाभुळबन, आणि वाटेच्या वळणामुळं मागं चार पावलांवर दरड सरळ नदीत उतरलेली.

पुढच्या गाडीची दोरी तुटली आणि वरचा कापूस ढासळला. वारा नेमका समोरून. पांढरा लोटच्या लोट सावळीच्या तोंडावर आला.

झापडांच्या आत त्या जनावराला काय दिसलं असेल, देव जाणे. ती हिसडा देऊन मागं सरली. देवीदास ओरडला, "हो! हो! थांब! थांब म्हनतो ना!" तो जितका ओरडला, तितकी ती मागं. दुर्गाबाईचे हात रास आवळायला निघाले होते, पण तिला लोटे आठवले. मागं जाणाऱ्या घोडीची रास ओढली तर ती आणखीच मागं येते. तिनं हात सैल सोडले. पण सैल रासेमागं माणूस आहे, हे घोडीला कळणार कशानं? देवीदासानं खाली उडी टाकली आणि घोडीचं तोंड धरायला धावला. त्याला समोर बघून सावळी मागच्या पायांवर उठली.

टांग्यात आता दोघंच. पुढं तोंड केलेली भावसून आणि मागं तोंड केलेला भासरा. दुर्गाबाईला दरड दिसत नव्हती. महादेवरावांना दरडच दिसत होती. "अरे, कोनी सांगा रे!" ते ओरडले. "कोनी घोडीले सांगा!"

सांगणार कोण होतं?

 बाईच्या तोंडावर चौतीस वर्षांचा पदर होता. मग चाक एका ढेकळावरून मागं उतरलं, टांगा कलला, आणि तिच्या तोंडून निघालं ते सगळ्या काठानं ऐकलं.

"सावळे! ए माय! मी हाये ना व! कुठं चालली मागं? मी हाये अथी, तुया मागं मीच हाये! काही नाही होत, कापूसच तं होय तो, येडे! मी वेचते तो रोज. उभी राह्य. उभी राह्य माही बाय!"

सावळीचे दोन्ही कान मागं वळले. पाय थांबले. सगळं अंग थरथरत होतं, पण उभी राहिली. गाडीवानांची भांडणं थांबली होती. चाकाखालची माती सुटून नदीत पडल्याचा आवाज आला.

आणि मग मागून दुसरा आवाज आला. महादेवरावांचा, पण चावडीवरचा नव्हे. अगदी हळू, जपून.

"सावळे," ते म्हणाले, "मागं टीचभर जागा हाये, बाई. उजव्या चाकाखाली तेवढीही नाही. मागं पाय टाकू नको. डावीकडे घे, अन् पुढं चाल."

दुर्गाबाईनं श्वास घेतला. डावी रास बोटभर जवळ आणली. "आयकलं ना व सावळे, मोठेबाबा काय म्हनतात? डावीकडे. हळू. एकच पाऊल. शाबास! अजून एक."

पाऊल पडलं. चाक जमिनीवर आलं. मग दुसरं आलं. गाडीवानांनी बाजूला होऊन वाट करून दिली. कुणी हसलं नाही. सावळी उतार उतरली, गुडघाभर पाण्यातून गेली, पलीकडचा चढ चढली, आणि दुर्गाबाई एक क्षणही बोलायची थांबली नाही. थांबली असती तर रडली असती.

पलीकडे देवीदास भिजलेलं धोतर पिळत टांग्यात चढला. या खेपेला मुकाट्यानं मागं, मोठ्याबाबांच्या शेजारी बसला. टांगा दुडकत निघाला. थोड्या वेळानं महादेवराव खाकरले.

"सावळे, मोर्शीकडे घोड्यांसंग असंच बोलतात काय व?"

देवीदासानं सवयीप्रमाणे पुढं मान वळवली. "माय, मोठेबाबा इचारतात..."

"तू गप बस बे," महादेवराव म्हणाले. "मी घोडीसंग बोलून राहिलो."

पुढून उत्तर आलं, घोडीच्या कानांकडे बघत. "सावळे, सांग त्याइले. माहा बाप घोडीले लेकीवानी बोले."

"नत्थुजी काय? हो, होता खरा. लगनात त्यानं वऱ्हाडी सोडून आमच्या घोड्यांले आधी पानी पाजलं होतं. लय हासलो होतो आमी."

दुर्गाबाईला हे ठाऊक नव्हतं. ज्या बापाची आठवण तिनं कुणापाशी काढली नव्हती, तो दुसऱ्याच्याही आठवणीत होता.  मग महादेवराव पुन्हा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज नीट लागत नव्हता.

"सावळे, त्या दिवशी तुया मालकिनीनं उखाना घेतला होता. बारा वर्साची पोट्टी, पन खणखणीत घेतला. तवा आयकला होता तिचा आवाज. मंग आज. चौतीस वर्सं बाई घरात हाये, रामराव गेला तवाही ती मुकीच रडली, अन् मले वाटे, आवाजच नाही तिले."

दुर्गाबाईला समोरचा रस्ता दिसेना. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ती गप्प झाली तशी सावळी बिचकली, मान उडवू लागली. मग काय करणार! रडत रडत बोलावंच लागलं. "चाल व माय. काही नाही झालं. धूळ गेली डोळ्यात. चाल." मागं देवीदास उपरण्यानं नाक पुसत होता आणि महादेवराव त्याच्याकडे न बघता म्हणाले, की त्यालाही धूळच लागली असेल.

दुपार कलायच्या आत अकोला आलं. पाटलांचा पुकारा व्हायला अजून अवकाश होता. कचेरीजवळच्या सराईत टांगा सोडला, सावळीच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला, आणि बातमी लागल्यासारखा डाकेचा ठेकेदार हजर झाला. महादेवरावांच्या हुकमावरून देवीदासानं दीड महिन्यापूर्वीच त्याला निरोप धाडून ठेवला होता. आल्याआल्या त्यानं सावळीचे दात पाहिले, छाती थोपटली, पुढचा पाय उचलून गुडघ्यावर धरला आणि खूर तपासू लागला. आजूबाजूला दहा-बारा गडी जमले होते, गाडीवान होते, दोन पाटीलही होते.

"जनावर चांगलं हाये," ठेकेदार म्हणाला. "आत्ताच घेऊन जातो. बोला, पाटील."

दुर्गाबाई चाकाआड उभी होती. पदर पुन्हा डोळ्यांवर आला होता. पूर्णेवर घोडी बिथरली होती, हे खरंच होतं. पाटलांचा शब्द तर साफ होता, वाटेत नखरे केले तर द्यायची. नखरे केले होते. तिनं लुगड्याचा काठ घट्ट धरला होता.

महादेवराव म्हणाले, "देवीदास, तुया मायले सांग..."

आणि थांबले. देवीदासानं आईकडे वळून तोंड उघडलं होतं, त्याला त्यांनी हातानं बाजूला सारलं. ते स्वतः चाकापाशी आले. सगळ्यांसमोर उभे राहिले. नजर खालीच होती त्यांची, तेवढं काही सुटलं नव्हतं.

"भावसून," ते म्हणाले, "हा मानूस तुयी घोडी मागून राहिला. त्याले काय सांगाचं ते तूच सांग. मोठ्यानं सांग."

दुर्गाबाईनं पदर वर घेतला.

"घोडी इकाची नाही," ती म्हणाली. साऱ्या सराईला ऐकू गेलं, आणि ठेकेदारानं सावळीचा पाय खाली सोडला.